वडिलोपार्जित लाकूडसामान : खरवडावे की राखावे?

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत अजूनही एखादे सागवानी कपाट, शिसवी खुर्ची, देव्हारा किंवा माजघरातला झोपाळा आढळतो. घरात लग्नकार्य निघाले अथवा घराची डागडुजी सुरू झाली, की या वस्तूंचा प्रश्न पुढे येतो. काही घरांतून त्या भंगारात जातात. काही घरांतून मात्र त्यांच्यावरील प्रेमापोटीच त्या सुताराकडे दिल्या जातात, आणि रंधा व पॉलिशपेपर यांच्या साहाय्याने 'नव्यासारख्या' करून आणल्या जातात. पहिल्या प्रकारात वस्तू जाते हे सर्वांना दिसते. दुसऱ्या प्रकारातही बरेच काही जाते. पण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याचाच विचार आपण येथे करू.

जुन्या लाकडाच्या पृष्ठभागावर तीन गोष्टी एकत्र नांदत असतात : वर साचलेला मळ, त्याखालील पॉलिशचा थर, आणि त्याही खाली उजेड, हवा व माणसांचे हात यांच्या संस्काराने पालटलेली लाकडाची वरची कांती. यांपैकी मळ तेवढा काढावयाचा असतो. कांतीचा थर अत्यंत पातळ असतो. रंधा एकदा फिरला, की तो भुशाबरोबर निघून जातो आणि खालचे फिके लाकूड उघडे पडते. जुन्या कारागिराच्या हत्याराच्या खुणा आणि कोरीव कामाच्या धारदार कडाही त्याबरोबर झिजतात. रंग पुन्हा देता येतो. पण साठ-सत्तर वर्षांनी आलेली कांती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

सुदैवाने पुष्कळ जुन्या सामानावरील पॉलिश लाखेचे असते. पळस, बोर, कुसुम इत्यादी झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे सूक्ष्म कीटक राळेसारखा पदार्थ स्रवतात. तो वितळवून व गाळून त्याचे पातळ पापुद्रे करतात. त्यांस चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने त्याचे हलके हात एकावर एक देतात. ही रीत एकोणिसाव्या शतकात युरोपात रूढ झाली, म्हणून आपणही तिला 'फ्रेंच पॉलिश' म्हणतो. लाख मात्र मुख्यतः आपल्याच देशातून जात असे. या लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधनसंस्था स्थापन झाली.

लाखेचा मोठा गुण हा, की वाळलेला थर स्पिरिटने पुन्हा मऊ होतो. म्हणून नवा हात जुन्या थरात मिसळून जातो, आणि ओरखडे किंवा निस्तेज झालेले भाग खरवडल्यावाचून सुधारता येतात. वरचा थर कोणता आहे हे ओळखण्यासाठी कपाटाच्या मागील बाजूस, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब कापसाने लावून पाहावा. जागा चिकट झाली तर ती लाख समजावी. काहीच परिणाम झाला नाही, तर वर तेलरंग किंवा अलीकडचे रोगण असण्याचा संभव आहे.

काम क्रमाने करावे. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी; मग घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ टिपून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. नंतर सांधे तपासावेत. पूर्वीचे सुतार सांधे सरसाने जोडीत. सरस कोमट पाण्याने सुटतो. त्यामुळे खिळखिळा सांधा मोकळा करून, साफ करून, पुन्हा सरसाने बसविता येतो. तेथे खिळे ठोकू नयेत; त्याने कुसू फुटते. पॉलिशचा हात सर्वांत शेवटी द्यावा. स्पिरिट लवकर पेट घेते, म्हणून जवळपास दिवा वा चूल नसावी.

सुंदर लाकडावर कोणी तेलरंग फासला असेल, तर मात्र तो काढणे युक्त ठरते. तेथे सावधगिरी हवी. जुन्या रंगांत शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ सालच्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांस विशेष घातक असते. हे काम वडीलधाऱ्यांनीच, उघड्यावर, हातमोजे व योग्य मुखपट्टी वापरून, रंग ओला ठेवून करावे. कॉस्टिक सोड्याचा मोह टाळावा. त्याने सागवान काळवंडते व सरस सुटतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. ती आपोआप पेटतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

एका प्रकारच्या सामानास मात्र हा कोणताही उपाय करू नये. बडोद्याहून जवळच असलेल्या संखेड्याचे पाळणे व झोपाळे आपल्या परिचयाचे आहेत. तेथील कारागीर सागवान चरकावर कातून त्यावर कथिलाची रुपेरी नक्षी काढतात आणि वरून लाखेचा लेप चढवितात; त्या लेपाखाली नक्षी सोनेरी दिसू लागते. येथे लाख हे केवळ पॉलिश नव्हे, तर चित्राचाच भाग आहे. त्यास स्पिरिट लावणे म्हणजे चित्र पुसणे होय. कोरडे, मऊ फडके एवढेच त्यास पुरे.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच नगरीत कलाभवन स्थापिले. पुस्तकी विद्येस हाताच्या विद्येची जोड मिळावी, हा त्यामागील हेतू होता. विद्यार्थिमित्रहो, तोच हेतू मनात धरून या सुट्टीत आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. ती कोणी करविली, कोणत्या लाकडाची आहे, तिची दुरुस्ती केव्हा झाली, हे आजी-आजोबांस विचारा. आणि ती माहिती एका कागदावर लिहून त्याच वस्तूच्या खणात ठेवा. पुढे रंधा हाती घेणाऱ्याने तो कागद आधी वाचला, तर त्याचा हात निश्चितच क्षणभर थांबेल.