वास्तूचे दुसरे आयुष्य : मेहरौलीचे दोन मकबरे

मूळ प्रयोजन संपलेली वास्तू एक तर ओस पडते, नाही तर दुसऱ्या कामी येते. पाश्चात्त्य देशांत उपासकांअभावी बंद झालेल्या कित्येक चर्चमध्ये उपाहारगृहे निघाली आहेत. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे १९९३ साली बंद झालेल्या एका चर्चमध्ये १९९६ साली उपाहारगृह सुरू झाले, आणि वेदीच्या जागी बिअर तयार करण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या.

आपल्या देशात याहून जुनी उदाहरणे आढळतात. दिल्लीच्या दक्षिणेस असलेले मेहरौली एकोणिसाव्या शतकात नगराबाहेरचे गाव होते. तेथे अकबराचा दूधभाऊ अधमखान याचा अष्टकोनी मकबरा आहे. अतगाखानाच्या हत्येबद्दल अकबराने १५६२ साली अधमखानाला देहान्त शासन केले. पुढे त्याची आई माहम अनगा हिलाही येथेच पुरण्यात आले. १८३० च्या सुमारास बंगाल मुलकी सेवेतील ब्लेक नावाच्या अधिकाऱ्याने या मकबऱ्यात बिऱ्हाड थाटले आणि जेवणाच्या मेजाला अडचण होते म्हणून कबरी हलविल्या. नंतर येथे विश्रामगृह, पोलीस ठाणे व टपाल कचेरीही होती. पुढे लॉर्ड कर्झन याच्या आदेशाने मकबरा मोकळा करण्यात आला. अधमखानाची कबर परत आली. त्याच्या आईची मात्र आली नाही.

अधमखानाचा भाऊ मुहम्मद कुलीखान याचा मकबराही जवळच आहे. मुघल दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी सर थॉमस मेटकाफ याने १८४० नंतर त्याचे ‘दिलकुशा’ नावाचे ग्रामनिवासस्थान केले. घुमटाखालचे दालन भोजनगृह झाले व बाजूंस नव्या खोल्या बांधल्या गेल्या. त्या खोल्या आता बहुतांशी पडल्या आहेत. मूळ अष्टकोन मात्र उभा आहे.

या दोन उदाहरणांवरून काय बोध घ्यावा? १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार स्मारकाचा समाजोपयोगी वापर इष्टच होय. मात्र त्यापायी वास्तूची रचना व अलंकरण बदलता कामा नये. वापरामुळे छप्पर शाबूत राहते, ही गोष्ट खरी. परंतु जोडलेली भिंत पुढे काढून टाकता येते, हलविलेली कबर पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून वास्तूला नवे काम देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत : ती ज्यांच्या श्रद्धेची किंवा स्मृतीची जागा आहे, त्यांची संमती आहे काय? आणि हे काम संपल्यावर वास्तू पूर्ववत करता येईल काय?