पाण्याच्या विजेला धूर नाही, मग वायू कुठून?

प्रश्न : जलविद्युत केंद्रात काहीच जळत नाही. तरी धरणांतून हरितगृह वायू बाहेर पडतात म्हणे! हे कसे?

उत्तर : शंका रास्त आहे. वीज तयार होताना खरोखरच काही जळत नाही. वायू येतो तो धरणाने बुडवलेल्या जमिनीतून. झाडे, गवत, मातीतला पालापाचोळा पाण्याखाली कुजतो. तळाशी प्राणवायू संपला की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फोफावतात. पाणी उबदार असेल तर त्यांचे काम अधिकच जोरात चालते.

‘झाडे जंगलातही कुजतातच की!’ असे कोणी म्हणेल. कुजतात, पण उघड्यावर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तेवढ्याच वजनाचा मिथेन त्याच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो.

हा मिथेन काही बुडबुड्यांतून वर येतो, काही पृष्ठभागावरून हळूहळू निसटतो. शिवाय टर्बाइनकडे जाणारे पाणी बहुधा खोलवरून घेतलेले असते. ते दाबातून मोकळे झाले की सोड्याची बाटली उघडावी तसा त्यातला वायू उडून जातो. म्हणून केवळ जलाशयावर केलेले मोजमाप अपुरे पडते.

बुडालेली झाडे कुजून संपली की प्रश्न मिटतो, हाही गैरसमजच. सुरुवातीची वर्षे सर्वांत वाईट, हे खरे. पण नदी दरवर्षी नवा पालापाचोळा, खते, सांडपाणी आणतेच. पाणी ओसरल्यावर काठावर, आपल्याकडे गाळपेर करतात तशा जमिनीवर, हिरवळ उगवते आणि पुढच्या पावसाळ्यात बुडते. तिने हवेतून घेतलेला कार्बन मग मिथेन होऊन परततो.

ब्राझीलमधले उआतुमा नदीवरचे बाल्बिना धरण पाहा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले सुमारे २,३६० चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली घातले, तेही बहुतेक झाडे उभीच ठेवून. प्रदेश सपाट, त्यामुळे पाणी उथळ पसरले. क्षमता मात्र अवघी २५० मेगावॉट! तेवढीच वीज कोळशावर केली असती तरी कमी वायू निघाले असते, असे तिथल्या संशोधकांचे मोजमाप सांगते. याउलट, ब्राझील आणि पॅराग्वे यांच्या सीमेवरच्या इताइपू धरणाचा जलाशय सुमारे १,३५० चौरस किलोमीटरचा आणि क्षमता १४,००० मेगावॉट.

त्यामुळे सगळ्याच जलविद्युत प्रकल्पांना दोष देणे अन्यायाचे होईल. उष्ण, सपाट, जंगलाच्या प्रदेशात मात्र अशी धरणे बांधूच नयेत, असे मला ठामपणे वाटते. पाणी भरण्याआधी झाडे तोडून नेली तर वायू काहीसा घटतो, पण मातीतला कार्बन तिथेच उरतो.