देवगिरी : कडा आणि कोठार
(इतिहासाच्या पाठासाठी टिपण)

पाठाचा हेतू : शिवचरित्र शिकविताना जिजाबाईंचे वडील सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांचा उल्लेख येतो. सिंदखेडराजा जालना जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. लखुजींचा वध 1629 मध्ये निजामशाही दरबारात, देवगिरी म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्यावर झाला. हा धागा धरून किल्ल्याची ओळख करून द्यावी. मात्र सनावळी पाठ करवून घेणे हा हेतू नव्हे. एवढा बळकट किल्ला शत्रूच्या हाती का गेला, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे.

विषयविवेचन : बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने देवगिरीस राजधानी केली. डोंगराचा कडा चोहोबाजूंनी तासून उभा केलेला, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक, आत शिरण्यास अंधारी वाट आणि बाहेर तटांचे वेढे, अशी त्याची रचना आहे.

1296 मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक चालून आला. त्या वेळी यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होते. रामचंद्रदेवाने किल्ल्याचा आश्रय घेतला. शंकरदेव परतून लढला. परंतु त्याचा पराभव झाला. घाईने गडावर चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि राजाला तह करावा लागला, असे फेरिश्ता लिहितो. फेरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी झाला, हेही मुलांना अवश्य सांगावे. ऐकीव वृत्तांत व प्रत्यक्ष पुरावा यांतील भेद त्यांना येथेच उमगेल.

1327 मध्ये महंमद तुघलकाने येथे राजधानी आणून ‘दौलताबाद’ हे नाव रूढ केले. पुढे बहामनी व निजामशाही सत्ता आल्या. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. सुरुंगांनी तट फुटले, आत उपासमार झाली, आणि मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने किल्ला स्वाधीन केला. कडा तोच होता; कोठार मात्र पुन्हा अपुरे ठरले.

वर्गकार्य : (1) पाच माणसांच्या घराला महिन्यास किती ज्वारी लागते, हे मुलांनी घरी विचारून यावे. त्यावरून हजार माणसांस सहा महिन्यांसाठी किती पोती लागतील, याचे गणित फळ्यावर सोडवावे. गोण्या उघडून न पाहण्याची किंमत मुलांना त्या आकड्यावरून कळेल.
(2) गावात पडकी गढी असल्यास तिची विहीर व धान्याचे पेव कोठे होते, हे वृद्धांस विचारून नकाशा काढावा. मोडकळीस आलेल्या भिंतीवर कोणासही चढू देऊ नये.

प्रश्न : गोण्या कोणी तपासावयास हव्या होत्या? शत्रू येण्यापूर्वी, की नंतर?

या प्रश्नांची उत्तरे मुलांनी आपल्या शब्दांत दिली, तर पाठ सफल झाला असे समजावे.