इंग्रजीचा सराव : घोटाळा 'पर्यंत'चा



गळिताच्या धामधुमीत इंग्रजीचा पाठ कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या घरातला मुलगा डिप्लोमा होतो, कामात चोख असतो आणि मुलाखतीला गेला की गप्प बसतो, हे आपण पाहतोच. जून २००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी भीती पुरती गेली नाही. त्यापूर्वी शिकलेल्या आपल्यासारख्यांची तर गोष्टच सोडा.

माझी मास्तरकीची बरीच वर्षं रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोहा इथं गेली. दिवसा शाळा आणि संध्याकाळी नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग. पेणला गणपतीच्या कारखान्यांतले कारागीर येत, रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार येत. त्यांना शिकवता शिकवता मीच एक गोष्ट शिकलो. माणूस शब्द येत नाहीत म्हणून फारसा अडत नाही. जिथं मराठीचा एक शब्द इंग्रजीतल्या दोन शब्दांचं काम करतो, तिथं तो हमखास घसरतो. या जागा ओळखल्या की निम्मं काम झालं.

शब्द तर तुमच्याकडे आहेतच

रिकव्हरी, क्रशिंग, बॉयलर, शेअर, ॲडव्हान्स, स्लिप, डोस हे शब्द आपण रोज वापरतो. आणि गंमत पाहा, 'शुगर' हा शब्द मुळात आपल्या 'शर्करा'पासून फारसी-अरबीमार्गे तिकडे गेला. 'कँडी' आपल्या 'खंड'वरून, म्हणजे खडीसाखरेच्या खड्यावरून गेली. तेव्हा उसवाल्यानं इंग्रजीला बिचकायचं कारण नाही.

पहिली जागा : 'पर्यंत'

पेणच्या मूर्ती जहाजानं परदेशी जातात. गणपती भाद्रपदात, पण माल कितीतरी महिने आधी निघावा लागतो. एका कारागिरानं परदेशातल्या मंडळाला लिहिलं, "वी विल सेंड द मूर्तीज टिल थर्टी जून." त्याला म्हणायचं होतं, ३० जूनपर्यंत सगळा माल पाठवतो. तिकडे अर्थ घेतला, की ३० जूनपर्यंत थोडा थोडा माल येत राहणार. फोनाफोनी झाली, चार दिवस जिवाला घोर लागला. चूक एका शब्दाची. तिथं 'टिल' नको, 'बाय' हवं होतं.

आपल्याकडचीच दोन वाक्यं घ्या.

"३१ तारखेपर्यंत ऊस नोंदवा." इथं 'बाय'.
"गाळप मार्चपर्यंत चालेल." इथं 'टिल'.

ओळखायची खूण सोपी आहे. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून पाहा. "३१ तारखेच्या आत नोंदवा" हे बसतं, म्हणून 'बाय'. "गाळप मार्चच्या आत चालेल" हे काही बसत नाही, म्हणून 'टिल'.

दुसरी जागा : 'केलं आहे'

रोह्याच्या वर्गात कामगार पाळी बदलताना लिहायच्या नोंदी घेऊन येत. "आय हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह" म्हणजे व्हॉल्व्ह मी बंद केला आहे आणि तो आत्ता बंद आहे. "आय क्लोज्ड द व्हॉल्व्ह ॲट टेन" म्हणजे दहाला मी बंद केला. त्यानंतर कुणी उघडला की नाही, ते या वाक्यात नाही. रसायनाच्या कारखान्यात काय किंवा आपल्या बॉयलरवर काय, हा फरक जिवाशी गाठ घालणारा आहे.

मराठीत आपण "मी काल बेणं आणलंय" असं सहज म्हणतो. इंग्रजीत 'काल' आला की 'हॅव'ला रजा द्यायची. "आय ब्रॉट द सीड केन यस्टरडे." ठरावीक वेळ सांगितली की 'हॅव' नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी जागा : प्रश्न विचारताना

"तुम्ही कारखान्यावर गेला होता का?" याचं इंग्रजी पुष्कळ जण करतात, "डिड यू वेंट?" हे चूक. भूतकाळाचं ओझं 'डिड'नं आधीच उचललं आहे. एका मोळीला दोन डोकी कशाला? म्हणून, "डिड यू गो टू द फॅक्टरी?"

चौथी जागा : कर्ज

आपण कर्ज देतो आणि कर्ज घेतो, शब्द एकच. इंग्रजीत देणाऱ्याचं 'लेंड' आणि घेणाऱ्याचं 'बॉरो'. बँक लेंड्स, शेतकरी बॉरोज. कागदावर सही करण्यापूर्वी आपण यातले कोण, हे नीट पाहावं!

सराव कसा करावा

जुन्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवल्या. त्यांची रीत आजही खरी आहे. मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं, आणि ते झाकून पुन्हा मराठीत आणायचं. रोज पाचच वाक्यं, पण ती आपल्या कामातली असावीत. पाणी, खत, तोडणी, वजन यांवरची. मोठ्यानं म्हणावीत. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून तपासून घ्यावीत, त्यात कमीपणा नाही.

आणि मराठी कच्ची ठेवून इंग्रजी पक्की होत नाही. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढं १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. एवढं इंग्रजीत वावरलेल्या या माणसानं मेघदूत मात्र मराठीत आणलं.

आता तुम्ही करा

१. टोळी एप्रिलपर्यंत राहील.
२. शुक्रवारपर्यंत बिल भरा.
३. मी काल शेताला पाणी दिलंय.
४. तो काल शेतावर गेला का?
५. त्यानं सोसायटीकडून कर्ज घेतलं.

उत्तरं (आधी स्वतः लिहा, मग पाहा) :

१. द गँग विल स्टे टिल एप्रिल.
२. पे द बिल बाय फ्रायडे.
३. आय वॉटर्ड द फील्ड यस्टरडे.
४. डिड ही गो टू द फार्म यस्टरडे?
५. ही बॉरोड मनी फ्रॉम द सोसायटी.

पाचांतली तीन बरोबर आली तरी समाधान माना. चुकलेली दोन उद्या पुन्हा लिहा. खोडव्यालाही मशागत लागतेच की!