शंभर वर्षांचा हिशेब

ज्वारी पेरणारा शेतकरी चार-पाच महिन्यांत पीक घरी आणतो. आंब्याचे कलम लावणाऱ्यास काही वर्षे धीर धरावा लागतो. परंतु जो वन लावतो, त्याचे पीक बहुधा त्याच्या नातवाच्या हाती पडते. जर्मनीत स्प्रूस नावाचा सूचिपर्णी वृक्ष तोडण्याजोगा होण्यास सुमारे ८० ते १०० वर्षे लागतात. ओक वृक्षास त्याहूनही अधिक. इतक्या दीर्घ मुदतीचा व्यवहार दुसरा क्वचितच असेल. म्हणूनच वनांचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार त्या देशात फार पूर्वीपासून होत आला आहे.

सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग येथे चांदीच्या खाणी होत्या. धातू गाळणाऱ्या भट्ट्यांना कोळसा हवा, खाणींत आधाराचे खांब हवेत, थंडीत घरोघरी सरपण हवे. आणि हे सारे वनांतून यावयाचे. वने विरळ होऊ लागली, तेव्हा खाणींचे एक वरिष्ठ अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी इ. स. १७१३ मध्ये वनांविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. जेवढे लाकूड वाढते तेवढेच तोडावे, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. सावकाराच्या भाषेत बोलावयाचे तर, व्याजावर निर्वाह करावा, मुद्दलास हात लावू नये. पुढे इ. स. १८४९ मध्ये मार्टिन फाउस्टमान या वनाधिकाऱ्यांनी याचे गणितच रचले. उभे झाड म्हणजे अडकून पडलेले भांडवल. ते तोडून आलेला पैसा व्याजी लावला तर काय मिळेल, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत पुन्हा झाडे लावली तर काय मिळेल, हे पाहून तोडीचे वर्ष ठरवावे, असे त्यांनी दाखविले. इ. स. १८६४ मध्ये भारताच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झालेले डीट्रिख ब्रँडिस हेही जर्मनच होते.

या हिशेबात स्प्रूस सरस ठरे. तो भराभर वाढतो, सरळ वाढतो, आणि घरबांधणीस त्याचे लाकूड उत्तम. वस्तुतः तो थंड व ओलसर डोंगराळ प्रदेशातील रहिवासी. परंतु नफ्याच्या आशेने त्यास सखल, उबदार भागांतही लावण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर उजाड झालेल्या टेकड्यांवर त्याच्याच रांगा उभ्या राहिल्या. ज्यांनी हे केले ते अविचारी नव्हते. त्यांची आकडेमोड बिनचूक होती. मात्र आजोबांच्या काळी जसे हवामान होते तसेच ते नातवाच्या काळीही राहील, ही एक गोष्ट त्यांनी न लिहिताच गृहीत धरली होती.

हवामान तसे राहिले नाही. इ. स. २०१८ पासून लागोपाठ तीन उन्हाळे अतिशय कोरडे व उष्ण गेले. स्प्रूसच्या सालीखाली घर करणारा एक भुंगेरा आहे. त्याची लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर. निरोगी झाड राळ सोडून त्यास अडविते, परंतु तहानलेल्या झाडाजवळ राळ कोठून येणार? शिवाय उष्णता वाढली की एका हंगामात या किड्याच्या दोहोंऐवजी तीन पिढ्या निपजतात. दुष्काळ, वादळे व कीड यांमुळे सुमारे ३ वर्षांत जर्मनीतील ५ लाख हेक्टरांवरील वृक्ष नाहीसे झाले.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. किडीचा फैलाव थांबविण्यासाठी रोगट झाडे ताबडतोब तोडावी लागतात. सर्वांनी एकदमच तोड केली, त्यामुळे बाजारात लाकडाचे ढीग पडले आणि किडक्या लाकडाचा भाव निम्म्याहूनही खाली घसरला. कित्येक ठिकाणी तोडणी व वाहतूक यांचा खर्चही निघेना. जर्मनीतील जवळजवळ निम्मी वने खाजगी मालकीची आहेत आणि त्यांतील पुष्कळ मालक अगदी लहान आहेत. ज्यांची झाडे शाबूत होती, त्यांनाही या पडत्या भावाची झळ लागलीच.

आता मोकळ्या पडलेल्या जमिनीत काय लावावे? कोरडवाहू शेतकरी ज्वारीच्या पिकात तुरीच्या ओळी घेतो. एक बुडाले तर दुसरे हाती लागावे, हा त्याचा हेतू. त्याच न्यायाने वनाधिकारी बीच, ओक, मॅपल, फर असे मिश्र वन सुचवितात. यात उत्पन्न कदाचित कमी येईल, पण सर्वस्व एकाच वेळी जाण्याचा धोका टळेल. अडचण खर्चाची आहे. कोवळी रोपे हरणे खाऊन टाकतात, म्हणून कुंपण घालावे लागते, आणि ओकचे पैसे तर कदाचित पणतूलाच मिळावयाचे. वनामुळे पाणी जमिनीत मुरते, हवा थंड राहते, कर्ब लाकडात साठून राहतो; याचा लाभ सर्वांना होतो, परंतु बाजारात त्याचे मोल कोणी देत नाही. म्हणून इ. स. २०२२ मध्ये जर्मन सरकारने, हवामानास अनुसरून वन राखणाऱ्या मालकास दर हेक्टरी वर्षाला १०० युरोंपर्यंत साहाय्य देण्याची योजना सुरू केली.

हार्ट्‌झ पर्वतात स्प्रूसचे करडे, निष्पर्ण खांब अजूनही ठिकठिकाणी उभे आहेत. त्यांच्यामधून, कोणी न लावताच, बर्चची रोपे वर येत आहेत. बर्चच्या लाकडास स्प्रूसइतका मान नाही. परंतु त्यांच्या लागवडीस एक पैसाही खर्च झालेला नाही.