पाठ १४ : पडद्याविना गाणे

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• चित्रपटगीत व चित्रपटाबाहेरचे गीत यांतील फरक सांगता येईल;
• ध्वनिमुद्रणात यंत्राचे कार्य काय असते, हे स्पष्ट करता येईल;
• आवडत्या गीताचा आस्वाद स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल.

प्रस्तावना
हिंदी चित्रपटातील गाणे ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा त्यातील नायक-नायिका उभी राहतात. परंतु गाण्यामागे चित्रपटच नसेल तर? मराठी श्रोत्यांना हा अनुभव नवा नाही. गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी भावगीत घरोघरी पोहोचवले. ते ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि शब्दस्वरांतून आपले चित्र आपणच रंगवावे, अशी ती रीत होती. हिंदीत असाच एक प्रयत्न १९८७ साली एका गायिकेने आणि तिच्या संगीतकार पतीने केला. त्याची ओळख या पाठात करून घेऊ या.

मूळ पाठ
आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली सांगलीकडचा. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरात नाट्यसंगीताचे संस्कार त्यांना लहानपणीच लाभले. १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी त्या प्रथम गायल्या. राहुलदेव बर्मन यांचा जन्म १९३९ साली कोलकात्यात झाला. संगीतकार सचिनदेव बर्मन हे त्यांचे वडील. ‘तीसरी मंझिल’ (१९६६) या चित्रपटातील गाण्यांनी या दोघांची जोडी लोकप्रिय झाली. १९८० साली ती दोघे विवाहबद्ध झाली.

राहुलदेवांना नादाचे विलक्षण कुतूहल होते. कंगव्यावर घासून निघणारा आवाज, पेल्यावर वाजणारा चमचा, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून काढलेला घुमारा, अशा घरगुती ध्वनींना त्यांनी गाण्यांत मानाचे स्थान दिले. तोच शोध पुढे इलेक्ट्रॉनिक वाद्यांपर्यंत गेला. सतारीत तार कंप पावते, तबल्यात कातडे. सिंथेसायझरमध्ये विद्युतप्रवाहाच्या आंदोलनांतून नाद निर्माण होतो. छेडलेल्या तारेचा स्वर हळूहळू विरतो, पण या यंत्रातील स्वर हवा तितका वेळ तेवत ठेवता येतो. म्हणूनच त्याच्या साहाय्याने गाण्याभोवती धुक्यासारखे, स्वप्नवत वातावरण उभे करणे शक्य झाले.

ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने आणखी एक वाट खुली केली. एकाच फितीवर शेजारी शेजारी निरनिराळे आवाज मुद्रित करून ते एकत्र ऐकवता येऊ लागले. ‘इजाजत’ (१९८७) या चित्रपटातील ‘कतरा कतरा’ या गीतात आशाताईंचाच आवाज दोनदा मुद्रित केला आहे. एक ओळ संपण्याआधी दुसरी तिच्यात मिसळते, आणि गाणारी व्यक्ती स्वतःशीच बोलत आहे असे वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास राहुलदेवांचे अनेक चित्रपट अयशस्वी ठरले. त्यांच्याकडील काम कमी होत गेले. अशा काळात, आशाताई, राहुलदेव आणि कवी गुलजार या तिघांनी चित्रपटाबाहेरची गीते रचली. ८ सप्टेंबर १९८७ रोजी, आशाताईंच्या वाढदिवशी, ‘दिल पडोसी है’ हा दोन तबकड्यांचा संच प्रकाशित झाला. येथे कथेची गरज नव्हती की नायिकेच्या ओठांची हालचाल सांभाळायची नव्हती. पहाट, रात्र, नावाडी, दुरावा हेच विषय. कोठे रागदारीचे वळण, तर कोठे पाश्चात्त्य सुरावट. आशाताईंचा आवाज कधी कानाशी कुजबुजतो, तर कधी मोकळेपणी उंच जातो.

यंत्र आले की भावना हरपते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. केवळ चमत्कृतीसाठी यंत्र वापरले, तर गाणे कोरडे होते. मात्र स्वर किती लांबवायचा, कोठे थांबायचे आणि कोठे शांतता ठेवायची, हे ठरवावे लागते माणसाच्या कानाला. गायिकेचा श्वास कोठे घेतला जाईल हे संगीतकाराला ठाऊक होते. संगीतकाराने मोकळी सोडलेली जागा कशासाठी आहे हे गायिकेला उमगत होते. हे जाणतेपण दोन दशकांच्या सहवासातून आले होते.

४ जानेवारी १९९४ रोजी राहुलदेवांचे निधन झाले. त्याच वर्षी पुढे प्रदर्शित झालेल्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’च्या गीतांनी त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले, ते यश पाहण्यास ते नव्हते. मागणी ओसरल्यावरही कलावंत थांबला नव्हता, याची साक्ष मात्र त्या दोन तबकड्या देतात.

शब्दार्थ
आंदोलन – मागेपुढे होणारी हालचाल, कंपन. तबकडी – गाण्याची ध्वनिमुद्रिका. चमत्कृती – चकित करणारी करामत. सर्वतोमुखी – सर्वांच्या तोंडी असलेले.

पाठगत प्रश्न
१. सतार आणि सिंथेसायझर यांतील नादनिर्मितीचा फरक सांगा.
२. ‘कतरा कतरा’ या गीतात ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा उपयोग कसा केला आहे?

स्वाध्याय
१. ‘यंत्र आले की भावना हरपते’ या विधानाविषयी तुमचे मत सकारण लिहा.
२. चित्रपटात नसलेले एखादे मराठी गीत डोळे मिटून ऐका. मनात उमटलेले चित्र आठ ते दहा ओळींत लिहा.