उरलेले अन्न : दान करा, पण वेळेत

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण हमखास वाढतात. एक जास्त जेवलेले आणि दुसरे शिळे जेवलेले. पहिल्यांना एखाद्या दिवसाचे लंघन पुरते. आज दुसऱ्यांविषयी लिहायचे आहे.

काही वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका पहाटे गावाबाहेरच्या पालांवरची सात-आठ मुले उलट्या होतात म्हणून माझ्याकडे आणली. आदल्या संध्याकाळी जवळच एक लग्न होते. वरण-भात पुष्कळ उरला. यजमान सज्जन. अन्न उकिरड्यावर जाऊ नये म्हणून त्यांनी रात्री एक वाजता पातेली पालांवर पोचती केली. भात मात्र सात वाजताच शिजलेला होता आणि सहा तास उकाड्यात झाकून पडला होता. काही मुलांना सलाईन लावावे लागले. सुदैवाने दुपारपर्यंत सगळी सावरली. एक माउली म्हणाली, "डॉक्टरसाहेब, भात तं चांगला होता, वास बी येत नव्हता." तिचे म्हणणे खरे होते.

वास का येत नाही?

भातामध्ये 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जंतूंची बीजे असतात. ती शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात पडून राहिले की त्यांची झपाट्याने वाढ होते व काही जंतू विष तयार करतात. उलटी घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. वास आणि चव यांवरून ते ओळखता येत नाही. म्हणून नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवावा.

अन्नाची बँक

मग उरलेले अन्न फेकावे काय? मुळीच नाही. १९६७ साली अमेरिकेतील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली अन्नपेढी काढली. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जमा करावे, ज्याला गरज आहे त्याने न्यावे, अशी ही बँक. आपल्याकडे २०१५ च्या डिसेंबरात औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) युसूफ मुकाती यांनी 'रोटी बँक' सुरू केली. सभासदांनी घरच्या दोन ताज्या पोळ्या व भाजी आणून द्यायची, अशी तिची रीत होती. त्याच महिन्यात मुंबईच्या डबेवाल्यांनीही समारंभांत उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. वेळेवर डबा पोचवणे हा तर त्यांचा व्यवसायच!

पर्यावरणाशी संबंध काय?

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. भारतातील घराघरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जाते, असा त्यातील अंदाज आहे. एक किलो तांदूळ पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात एक पातेले भात फेकणे म्हणजे पाण्याचा टँकर ओतून देण्यासारखेच आहे. शिवाय कचऱ्याच्या ढिगाखाली हवेवाचून अन्न कुजले की मिथेन वायू निघतो. वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो.

काय करावे?

१) आधी बेताने रांधावे. आचाऱ्याला सगळा भात एकदम शिजवू देऊ नये. पहिली पंगत पाहून दुसरा हंडा चढवावा.

२) अन्न कुठे द्यायचे ते लग्नाच्या आधीच ठरवावे. वसतिगृह, आश्रम वा वस्तीशी बोलून ठेवावे आणि घरच्या एका माणसावर ही जबाबदारी सोपवावी.

३) न वाढलेले अन्नच द्यावे. ताटातले उष्टे देऊ नये. ते गुरांपुढेही ढिगाने टाकू नये. जास्त शिजलेले धान्य खाल्ल्याने जनावराचे पोट फुगून ते दगावू शकते. उष्टे खतखड्ड्यात घालावे.

४) अन्न वाफाळते गरम ठेवलेले नसेल तर ते दोन तासांच्या आत, आणि आपल्या उन्हाळ्यात एका तासाच्या आत खाल्ले गेले पाहिजे. मठ्ठा, बासुंदी असे दुधा-दह्याचे पदार्थ देऊच नयेत. बुंदी, शेव यांसारखे कोरडे पदार्थ टिकतात.

५) स्वच्छ, झाकणाच्या डब्यांतून द्यावे. डब्यावर पदार्थाचे नाव व शिजवल्याची वेळ लिहावी. पोळ्या वर्तमानपत्रात बांधू नयेत. छपाईची शाई पोटात जाते. हा अंक वाचण्यासाठी आहे!

त्रास झालाच तर

उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) विरघळवून घोटघोट पाजावे. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडले किंवा उलटी थांबेना, तर घरगुती उपचारांत वेळ न घालवता तडक डॉक्टरांकडे न्यावे.

वाशीम, रिसोड, कारंजा, कुठेही असो, प्रत्येक मंगल कार्यालयात जेवणाच्या वेळेबरोबर उरलेले अन्न उचलण्याची वेळही ठरली, तर आपल्या जिल्ह्याची अन्नपेढी आपोआप उभी राहील. देताना कसोटी एकच लावावी : हे अन्न या घटकेला मी माझ्या नातवाला भरवीन काय? उत्तर 'हो' असेल तर खुशाल द्यावे. 'नाही' असेल तर ते गरिबाच्या मुलालाही देऊ नये.